निरोपाची दुसरी वाट

शेतकऱ्याच्या संकटांची यादी करावयास बसलें असतां अवर्षण, अतिवृष्टि, तुडतुडा, रानडुकरें आणि पडलेला भाव हीं नांवें प्रत्येकाच्या तोंडीं आपोआप येतात. निरोपाचा खोळंबा हें संकट मात्र त्या यादींत कोणी घालीत नाहीं. पूर्वीं तें घालण्याचें कारणहि नव्हतें. चिठ्ठी दोन दिवस उशिरां आली म्हणून बांधींतील धान बुडत नसे. आज स्थिति पालटली आहे. हवामानाचा इशारा, आधारभूत किंमतीच्या धानखरेदीची नोंदणी, ई-पीक पाहणी, स्वस्त धान्याच्या दुकानांतील अंगठ्याची पडताळणी, बँकेंत जमा झालेल्या रकमेची खबर, इतकेंच नव्हे तर आजाऱ्यासाठीं बोलवावयाची गाडी, हीं सर्व कामें मोबाईलच्या एकाच वाटेनें चालतात. आणि ही वाट बंद पडते ती नेमकी वादळाच्या, पुराच्या व विजांच्या कडकडाटाच्या दिवशीं, म्हणजे तिची गरज सर्वांत अधिक असते त्याच दिवशीं.

सबब, निरोपाचीं साधनें नैसर्गिक आपत्तींत व युद्धांत कशीं टिकतात आणि कां बंद पडतात, याचा विचार शेतकऱ्यांच्या मासिकांत होणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें. आम्ही या शास्त्रांतले पंडित नव्हे. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेलें. तथापि मुदत, पोंच आणि पंचनामा या तीन शब्दांवर कास्तकाराचें किती बरेंवाईट अवलंबून असतें तें त्या नोकरींत आम्हीं रोज पाहिलें आहे. आणि प्रस्तुत विषयाचा शेवट या तीन शब्दांपाशींच येतो.

प्रथम आमच्या चिचगडचाच दाखला घेऊं. देवरी तालुक्यांतील हें जुन्या जमीनदारीचें गांव. भोंवतीं जंगल, डोंगर आणि धानाच्या बांध्या. पूर्वेस छत्तीसगडची हद्द व दक्षिणेस गडचिरोली जिल्हा जवळ. अशा मुलखांत वस्त्या विखुरलेल्या, टॉवर थोडे, आणि त्यांना वीज पुरविणारी तार कित्येक कोस झाडांतून आलेली. मृगाच्या वाऱ्यांत एक फांदी तारेवर पडली कीं वीज जाते. टॉवर कांहीं तास बॅटरीवर चालतो आणि मग मुका होतो. शहरांत एक टॉवर बंद पडला तर शेजारचा दुसरा त्याचें काम थोडेंबहुत चालवितो. येथें शेजारीं दुसरा नसतो.

मोबाईलवरचें बोलणें हवेंतून जातें अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. हातांतील यंत्रापासून जवळच्या टॉवरपर्यंतच तें हवेंतून जातें. तेथून पुढें तें बहुतेक ठिकाणीं रस्त्याच्या कडेला पुरलेल्या काचेच्या तंतूच्या केबलमधून, अथवा एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर रोखलेल्या तबकडीच्या द्वारें, तालुक्याकडे व मोठ्या शहराकडे जातें. म्हणून टॉवर उभा दिसतो एवढ्यावरून वाट चालू आहे असें समजूं नये. ही वाट तीन ठिकाणीं तुटते. पहिलें ठिकाण वीज. दुसरें केबल, पुरानें नाल्यावरचा पूल वाहून नेला अथवा रस्ता रुंद करणाऱ्या यंत्रानें खोदतांना तिचा लचका तोडला, कीं पलीकडचे सारे टॉवर एकदम निकामी होतात. तिसरें ठिकाण गर्दी. संकटाच्या घटकेस सर्वच लोक एकाच वेळीं बोलूं लागतात, आणि ठराविक माणसांच्या बेतानें बांधलेली वाट त्या भारानें बंद पडते.

येथें एक जुनी गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तारेच्या जुन्या टेलिफोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून त्याच तांब्याच्या तारेनें येत असे. त्यामुळें घरांत अंधार असला तरी टेलिफोन बोलत असे. नवें यंत्र अनेक गुणांनीं श्रेष्ठ आहे, परंतु हा एक गुण त्यानें गमावला. आतां टॉवरची बॅटरी वेगळी, आपल्या यंत्राची वेगळी, आणि दोहोंपैकीं कोणतीहि संपली तरी निरोप राहतो.

आतां महाराष्ट्राच्या अनुभवाकडे वळूं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, यंत्रांत पाणी शिरलें, आणि जीं यंत्रें चालू राहिलीं त्यांवर सर्व शहर एकदम तुटून पडलें. देशांतील सर्वांत श्रीमंत शहरांत लाखों माणसांना रात्रभर घरीं निरोप धाडतां आला नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. तेथें विजेचे खांब हजारोंनीं पडले, आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या बाजूच्या गांवांचा बाहेरच्या जगाशीं संबंध कित्येक दिवस राहिला नाहीं. पुष्कळ टॉवर जाग्यावर शाबूत होते. त्यांना चालविणारी वीज नव्हती.

त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस आमच्या वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशांत मुसळधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या चारहि जिल्ह्यांतील नदीकांठचीं शेतें व घरें पाण्याखालीं गेलीं. पाणी सोडल्याचा इशारा वेळेवर पोहोंचला नाहीं, अशी तक्रार त्या वेळीं गांवोगांव झाली. नदीचें पाणी राज्याची हद्द विचारीत नाहीं. निरोप मात्र हद्दीवर अडतो. यंत्र असून भागत नाहीं. कोणी, कोणास, किती वेळांत कळवावयाचें हें आधीं ठरलेलें नसेल, तर उत्तमांतलें यंत्रहि मुकेंच समजावें.

याच्या उलट एक दाखला ३० जुलै २०१४ चा आहे. पुणें जिल्ह्यांत आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर पहांटे डोंगर कोसळला व दीडशेंच्या आसपास माणसें गाडलीं गेलीं. आपलें गांव बुडालें हें सांगावयास गांवांत फारसें कोणी राहिलें नव्हतें. ही वार्ता जगास कशी कळली? सकाळीं नेहमीच्या फेरीस आलेल्या एस. टी. बसच्या चालकास गांव जाग्यावर दिसलें नाहीं, आणि त्यानें परत येऊन खबर दिली. नेमानें धांवणारी एस. टी. हेंहि निरोपाचेंच एक साधन आहे. तें दुसऱ्या वाटेचें असल्यामुळें उपयोगी पडलें.

युद्धाची गोष्ट याहून निराळी नाहीं. निसर्ग आंधळेपणानें तोडतो, शत्रु निवडून तोडतो, एवढाच भेद. १८५७ सालीं मे महिन्यांत दिल्लीच्या तारऑफिसांतून अंबाल्यास गेलेल्या संदेशामुळें पंजाबांतील इंग्रज अंमलदार वेळींच सावध झाले, आणि पुढें ठिकठिकाणीं बंडवाल्यांनीं तारा तोडण्याचा सपाटा लावला. १९१४ च्या ऑगस्टमध्यें महायुद्ध सुरू होतांच इंग्रजांच्या जहाजानें जर्मनीच्या समुद्राखालच्या केबली तोडल्या. त्याच वर्षीं मद्रासच्या तेलाच्या टांक्यांवर तोफा डागणारी जर्मनीची एम्डेन ही युद्धनौका नोव्हेंबरांत हिंदी महासागरांतील कोकोस बेटाचें केबलठाणें उध्वस्त करावयास गेली. तिचे शिपाई किनाऱ्यास लागून ठाणें ताब्यांत घेण्यापूर्वींच तेथील नोकरांनीं धोक्याचा संदेश रवाना केला होता. तो ऐकून ऑस्ट्रेलियाची सिडनी ही नौका धांवून आली आणि एम्डेनचा नाश झाला. एक संदेश वेळेवर गेला, त्याचें हें फळ.

अलीकडचें उदाहरण युक्रेनचें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युद्धास तोंड लागलें, त्याच दिवशीं उपग्रहाच्या एका जाळ्यावर संगणकाच्या मार्गानें हल्ला होऊन हजारों ग्राहकांचीं यंत्रें निकामीं झालीं. पुढें हिंवाळ्यांत शत्रूनें वीजकेंद्रांवर मारा केला, तेव्हां वीज जातांच टॉवरहि आपोआप बंद पडूं लागले. त्यावर तेथील लोकांनीं दोन उपाय केले. बॅटऱ्या व जनित्रें वाढविलीं. आणि मार्च २०२२ मध्येंच तिन्ही मोठ्या कंपन्यांनीं आपले टॉवर एकमेकींच्या ग्राहकांस खुले केले. आपल्या कंपनीचा टॉवर पडला तर ग्राहकाचें यंत्र दुसरीच्या टॉवरवरून बोलूं लागे. एरवीं ग्राहकासाठीं भांडणाऱ्या कंपन्यांना हें करतां आलें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

आणि दूर कशाला जावें? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत नक्षलवाद्यांनीं टॉवर जाळल्याच्या घटना मागील काळांत वारंवार घडल्या. टॉवर जळला कीं पोलिसांची अडचण होई ती होईच, पण बाळंतिणीची आणि धान विकणाऱ्या आदिवासी कास्तकाराचीहि होई. नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठीं २०१४ सालीं केंद्र सरकारनें टॉवरची खास योजना मंजूर केली व तिच्या पहिल्या टप्प्यांत भारत संचार निगमनें दहा राज्यांत २,३४३ टॉवर उभे केले. त्यांवरील यंत्रें कमी वीज खाणारीं आणि सूर्यशक्तीवर चालणारीं होतीं. २०२२ मध्यें हे टॉवर चौथ्या पिढीचे करण्यास मंजुरी मिळाली. विजेच्या तारेवर अवलंबून न राहणारा टॉवर जंगलांत उभा करतां येतो, हें यावरून सिद्ध झालें आहे.

या सर्व हकीकतींतून एकच सूत्र निघतें. निरोपाचें जाळें मजबुतीमुळें टिकत नाहीं. दुसरी वाट असल्यामुळें टिकतें. हें सूत्र पॉल बॅरन या अमेरिकन अभियंत्यानें १९६४ सालीं गणितानें मांडलें. अणुबाँब पडला तरी संदेश कसा जाईल, हा प्रश्न त्याच्यापुढें होता. त्यानें दाखविलें कीं, बैलगाडीच्या चाकाप्रमाणें सर्व आरे एकाच तुंब्यास जोडलेले असले, तर तुंबा फुटतांच सर्व खेळ आटोपतो. परंतु कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें प्रत्येक गांठ तीनचार शेजारच्या गांठींस जोडलेली असली, तर बऱ्याच गांठी तुटल्या तरी उरलेल्यांतून निरोप वाट काढतो. संदेशाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यास जी वाट मोकळी मिळेल तिनें जाऊं द्यावें, ही त्याची कल्पना पुढें इंटरनेटच्या पायांत गेली.

आमच्या वाचकांस हें सूत्र परकें वाटूं नये. भंडारा-गोंदियाच्या मुलखांत कोहळी मंडळींनीं व मालगुजारांनीं शेंकडों लहानमोठे तलाव बांधले. सर्व पाणी एकाच ठिकाणीं सांठविलें नाहीं. एका तलावाची पाळ फुटली तरी सारा मुलूख ओसाड पडत नाहीं, कारण दुसऱ्या गांवाचा तलाव वेगळा आहे. हेंच शहाणपण निरोपाच्या बाबतींत आपण सोडलें आहे. २०१३ च्या जुलैमध्यें तारखातें बंद झालें, घरोघरचे तारेचे टेलिफोन गेले, बॅटरीचा रेडिओ अडगळींत पडला, दवंडी हास्यास्पद ठरली. नवी वाट आली याचें आम्हांस दुःख नाहीं. नवी आली म्हणून जुन्या सर्व वाटा बुजविल्या, ही आमची तक्रार आहे.

कोणी म्हणेल, जंगलांतल्या चार गांवांसाठीं दुसरी केबल व मोठ्या बॅटऱ्या कोण ठेवील? कंपनीस तें परवडत नाहीं. हा आक्षेप पोकळ नाहीं. येथें ग्राहक थोडे व खर्च मोठा हें खरें आहे. परंतु याच कारणासाठीं दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा सरकार घेतें आणि तो निधि दुर्गम भागासाठीं राखून ठेवतें. २०२३ च्या कायद्यानें त्यास डिजिटल भारत निधि असें नांव दिलें आहे. म्हणजे आपण भरलेल्या प्रत्येक रकमेंत दुर्गम गांवाच्या टॉवरचा वांटा आधींच धरलेला आहे. नुसता टॉवर उभारून हा हक्क फिटत नाहीं. तो वादळांत किती तास चालेल, हें त्या हक्कांतच येतें. दुसरा आक्षेप असा कीं, आतां उपग्रह सर्व कांहीं करील. उपग्रहाचा उपयोग मोठा आहे. तथापि युक्रेनचा पहिला दिवस आम्हीं वर सांगितला आहे. आकाशांतहि एकच वाट असेल तर ती एकच वाट आहे.

तिसरी गोष्ट गर्दीची. कंपन्यांनीं परस्परांचे टॉवर खुले करण्याची सोय आपल्या देशांतहि झाली आहे; जून २०२३ मध्यें बिपरजॉय वादळाच्या वेळीं गुजरातच्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांत ती चालू केली होती. तसेंच, २०२३ सालीं पुष्कळ वाचकांच्या मोबाईलवर एकाएकीं मोठा आवाज होऊन सरकारी इशाऱ्याचा नमुना झळकला असेल. ती नव्या पद्धतीची चांचणी होती. नेहमीचा संदेश प्रत्येकास वेगळा लिहिलेल्या पत्रासारखा असतो, म्हणून गर्दींत अडतो. हा इशारा दवंडीसारखा आहे. टॉवर एकदांच पुकारतो आणि त्याच्या टापूंतील सर्व यंत्रें एकदम ऐकतात. वीज पडण्याचा संभव सांगणारें पुण्याच्या संस्थेचें दामिनी हें अ‍ॅपहि रोवणीच्या दिवसांत मोलाचें आहे. परंतु या सर्व सोयी टॉवर जिवंत असेल तोंवरच्या आहेत. ज्या वादळांतून वीज पडावयाची, तेंच वादळ टॉवरची वीज घालवितें.

म्हणून गांवकऱ्यांनीं आपल्या हातचें जें आहे तें करावें. पावसाळ्यापूर्वीं तहसिलींत आपत्तीची जी आढावा बैठक होते, तींत ग्रामपंचायतीनें लेखी विचारावें कीं, आमच्या टॉवरची बॅटरी किती तासांची, जनित्र आहे काय, आणि केबल कोणत्या रस्त्यानें येते. रस्त्याचें वा नळाचें खोदकाम निघालें तर कंत्राटदारानें केबलवाल्यास आधीं कळविलें काय, हें पाहावें. त्यासाठीं सरकारनें २०२३ पासून वेगळें अ‍ॅपहि दिलें आहे. प्रत्येक पंचायतींत सेलवर चालणारा एक रेडिओ व सूर्यशक्तीवर भरणारी एक बॅटरी असावी. पोलिस ठाण्याचें बिनतारी यंत्र मोबाईलच्या जाळ्यावर चालत नाहीं. म्हणून कोणत्या गांवाचा निरोप घेऊन कोणत्या दोन तरुणांनीं कोणत्या वाटेनें ठाण्यापर्यंत जावयाचें, हें वैशाखांतच ठरवून ठेवावें. कोतवालाची दवंडी आणि देवळाचा भोंगा यांस कमी लेखूं नये. शाळामास्तरांपैकीं एखाद्यानें हौशी बिनतारीचा परवाना काढल्यास सोन्याहून पिवळें. डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हां श्रीमती भारती प्रसाद यांनीं पोर्ट ब्लेअरहून अशाच हौशी यंत्रावरून शेंकडों कुटुंबांचे निरोप मुख्य भूमीस पोहोंचविले होते.

आतां आमचें मुख्य मागणें सरकारपाशीं आहे, आणि तें मुदतीसंबंधीं आहे. पीकविम्यांत कापून शेतांत पडलेल्या पिकाचें अवकाळी पावसानें नुकसान झाल्यास ७२ तासांत खबर देण्याची अट असे. महाराष्ट्रांत २०२५ च्या खरिपापासून तें संरक्षणच वगळण्यांत आलें, तथापि त्यापासूनचा बोध कायम आहे. धानाच्या कडपा पाण्यांत तरंगत असतां टॉवरहि बंद असे, आणि घड्याळ मात्र चालू राही. आजहि धानखरेदीची नोंदणी, पीक पाहणी, अनुदानाची पडताळणी या सर्वांस मुदत आहे. पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्यें माहिती यंत्रांत सांठवून जाळें मिळाल्यावर पाठविण्याची जी सोय आहे ती स्तुत्य होय. परंतु जाळें मिळेपर्यंत मुदतच संपली तर ती सोय काय कामाची?

मुदतीचा अखेरचा दिवस सुटीचा आला व कचेरी बंद असली, तर कचेरी उघडेल त्या दिवशीं केलेलें काम मुदतींत धरावें, हा कायद्याचा जुना दंडक आहे. त्यांत कोणावर मेहेरबानी नाहीं. दार सरकारनें बंद ठेवलें, म्हणून तेवढा काळ रयतेच्या माथीं मारीत नाहींत. आज टॉवर हेंच कचेरीचें दार झालें आहे. तें बंद असेल तितका काळ मुदतींतून वगळावा. तो किती होता याची नोंद कंपनीपाशीं असतेच, ती तिनें तहसीलदारास द्यावी. आणि तोंवर कोऱ्या कागदावरचा अर्ज तलाठ्यानें घेऊन तारीख व वेळ घालून पोंच द्यावी. सरकारास यांत नवा टॉवर बांधावयाचा नाहीं, केबल पुरावयाची नाहीं. एक परिपत्रक काढावयाचें आहे. एकच वाट सक्तीची करावयाची असेल, तर ती बंद पडल्याचा तोटा वाटसरूनें सोसूं नये, एवढाच यांतला न्याय आहे.

वाचक बंधूंनीं हें मागणें आपापल्या ग्रामसभेपुढें ठेवावें आणि ठराव करून तहसिलींत धाडावा. ठरावाची प्रत जपून ठेवावी, आणि ज्या दिवशीं टॉवर बंद पडेल त्या दिवशींची तारीख व तास पंचायतीच्या वहींत दोन साक्षींनिशीं लिहून ठेवण्याचा परिपाठ आजपासून घालावा. कचेरींत तोंडच्या तक्रारीपेक्षां लिहिलेल्या तारखेचें वजन अधिक पडतें.